दहाच्या ॲव्हरेजची अट

माझा स्वभाव संशयी आहे असं आमच्या घरात सगळे म्हणतात. मी त्याला चौकस म्हणतो. सातपूरच्या एका कारखान्यात बाहेरून येणारा माल तपासून घ्यायचं काम मी नोकरीभर केलं. माल आला की तो खराब आहे असं धरून सुरुवात करायची, आणि चांगला निघालाच तर नाइलाजाने सही करायची, अशी माझी रीत होती. निवृत्त झालो तरी हात तसाच वळतो. मेथीची जुडी मी अजूनही उलटून, सोडून, आतून बघतो. भाजीवाली आता मला बघितल्यावर जुडी स्वतःच सोडून ठेवते.

अशा माणसाकडे माझा भाचा ओंकार एक छोटा ट्रेलर घेऊन आला. गाडीच्या मागे जोडायचा, दोन चाकांचा, आत एक सपाट पलंग, एवढीशी ओट्याची फळी आणि कोपऱ्यात पडद्याआड संडासाची सोय. ओंकार असे ट्रेलर बनवून विकतो. "मामा, आठवडाभर वापरून बघा. आवडला तर ठेवा, नाहीतर परत द्या," तो म्हणाला. फुकट वापरून बघा म्हणणाऱ्या माणसाबद्दल माझं जे मत आहे तेच भाच्याबद्दलही झालं.

पण हा ट्रेलर माझ्यासाठी नव्हता, वसुधासाठी होता. माझ्या बायकोचं मणक्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून तिला तासाभरापेक्षा जास्त बसवत नाही. तासाने कुठेतरी सपाट, कडक जागी आडवं व्हावंच लागतं. गाडीची सीट कितीही मागे केली तरी ती सपाट होत नाही आणि ढाब्यावरच्या बाजेला झोळ असतो. त्यामुळे चार वर्षं ती नाशिकच्या बाहेर पडली नव्हती. तिचं माहेर चांदवडजवळ, म्हणजे आमच्याकडून सकाळी निघालं तर नाश्त्याला पोचावं इतक्या अंतरावर. तरी भावाच्या मुलीचं लग्न तिने फोनवर बघितलं. ज्याच्या हातात फोन होता तो अक्षता पडल्यावर फोन खुर्चीवर ठेवून जेवायला गेला, आणि ही अर्धा तास मांडवाचं कापड बघत बसली होती.

तेव्हा ट्रेलर राहिला तर तिचं फिरणं सुरू होणार होतं, आणि परत गेला तर ती पुन्हा आमच्या गंगापूर रोडच्या घरातल्या पलंगावर. हे मला कळत होतं. पण आमची डिझेलची गाडी एकटी असताना पंधराच्या आसपास ॲव्हरेज देते, आणि मागे एवढं धूड बांधल्यावर काय होईल याची मला धास्ती होती. मी अट घातली. टाकी गच्च भरून निघायचं, परत गच्च भरायची, आणि ॲव्हरेज दहाच्या खाली आलं तर ट्रेलर ओंकारला परत. वसुधा म्हणाली, "बरं." ती वाद घालत नाही, याचाही मला कधीकधी संशय येतो.

ओंकारने निघताना सांगितलं, "मामा, वजनाचं एवढं मनावर घेऊ नका. डिझेल वारा खातो. ट्रेलरचं कपाळ गाडीपेक्षा उंच आहे. साठच्या आत चालवलंत तर फार फरक पडणार नाही." विकणारा माणूस बोलणारच. चार पोती पाठीवर घेतली की माणूस थकतो, वाऱ्याने थकत नाही, हे मला कुणी शिकवायला नको होतं. मी वसुधाच्या तिन्ही नातेवाइकांना स्वतः फोन केले आणि बजावलं की येताना-जाताना काहीही द्यायचं नाही. ओटीला खण-नारळ चालेल, त्यापलीकडे एक किलोही नको. कांदे नकोत, बाजरी नको, भोपळा तर अजिबात नको.

वणी

दिंडोरी सोडली की दोन्ही बाजूंनी द्राक्षबागा लागतात. जानेवारीचे दिवस, मण्यांत नुकता रस भरू लागलेला, हवेत फवाऱ्याच्या औषधाचा वास. मागे ट्रेलर असला की गाडी चालवताना कुणीतरी आपला सदरा धरून ठेवलाय असं वाटतं. ब्रेक दाबला की तो मागून हलकेच ढकलतो, वेग वाढवला की ओढतो. मी साठच्या पुढे गेलो तेव्हा इंजिनाचा आवाज घोगरा झाला. तो आधीपासूनच तसा असावा अशी मला शंका आली.

तासाभराने एका फाट्यावर थांबलो. वसुधा उतरली, ट्रेलरमध्ये जाऊन आडवी झाली. दार उघडं ठेवलं होतं. पाच मिनिटांत बाहेर दोन बाया आणि एक म्हातारेबुवा उभे.

"मोतीबिंदूचं हाय का?" म्हातारेबुवांनी विचारलं.

"नाही हो. आमची खासगी गाडी आहे."

"मंग त्या बाईला कामून झोपवलंय?"

मी समजावून सांगितलं. त्यांना ते पटलं नाही. सरकारी शिबिर असून मी ते लपवतोय असाच त्यांचा चेहरा होता. निघताना एक बाई दुसरीला म्हणाली, "ओळखीच्यालाच तपासत्यात." माझ्यावर कुणी असा संशय घ्यावा याची मला सवय नाही, त्यामुळे पुढे बराच वेळ मी मनातल्या मनात त्यांना उत्तरं देत होतो. वसुधा मात्र खिडकीकडे तोंड करून हसत होती.

वणीला वसुधाचा मावसभाऊ बाळासाहेब राहतो. सप्तशृंगीचा डोंगर त्याच्या ओट्यावरून समोर दिसतो. वसुधाला त्याने उतरताना हात दिला आणि तो हात बराच वेळ सोडलाच नाही. त्याच्या बायकोने बाजरीची भाकरी, लसणाची चटणी आणि ताज्या वाटाण्याची उसळ केली होती. आमच्याकडे शहरात पाहुण्याला दोनदा आग्रह करतात आणि तिसऱ्यांदा ताट उचलतात. इथे नको म्हणणं हे बोलण्याची सुरुवात समजतात. मी जेवताना तीन वेळा ताटावर हात आडवा धरला आणि तीन वेळा बोटांच्या फटीतून भाकरी आत आली.

सकाळी निघताना बाळासाहेबाची बायको दारात द्राक्षांचा क्रेट घेऊन उभी. मी नाही म्हटलं. "ताईसाठी हे ओ," ती म्हणाली. मी वजनाचं सांगितलं. तिने क्रेट खाली ठेवला आणि नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं.

"बरं दाजी," बाळासाहेब म्हणाला, "मंग चावी तरी द्या. काचंवर फवाऱ्याचं औषिद उडालंय. धुऊन देतो."

चावी दुसऱ्याच्या हातात द्यायला मला आवडत नाही. काच धुवायला चावी कशाला, हेही मनात आलं. पण बायकोचा मावसभाऊ, देऊन टाकली. नंतर मात्र जॅक, पाना, स्टेपनी, टेपरेकॉर्डर सगळं जागेवर आहे ना ते बघून घेतलं. सगळं होतं. काच खरंच लखलखीत होती.

चांदवड

हायवेला लागलो आणि टोलनाक्यावर अडलो. खिडकीतल्या माणसाला आमची गाडी कोणत्या रकान्यात बसवायची ते कळेना.

"याच्यात काय हे?"

"पलंग."

"कुठं पोचवायचा?"

"पोचवायचा नाही. त्यावर झोपायचं."

त्याने मान बाहेर काढून वसुधाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा वसुधाकडे. "काकू, तुम्ही मर्जीनं चालले ना?" त्याने विचारलं. वसुधा हो म्हणाली, पण जरा वेळ घेऊन म्हणाली. मागच्या ट्रकने हॉर्न वाजवायला सुरुवात केली तेव्हा कुठे आमची सुटका झाली.

चांदवडला शिरण्याआधी मी पंपावर टाकी गच्च भरली. नळी आपोआप थांबली की तिथेच थांबायचं, टाकीच्या गळ्यात चार-पाच लिटरची जागा उरली तरी वर एक थेंब घालू द्यायचा नाही, म्हणजे दर वेळी माप एकच राहतं. आमची गाडी जुनी आहे, तिच्यात ॲव्हरेज दाखवणारा पडदा नाही; असता तरी मी त्यावर विश्वास ठेवला नसता. डोक्यातल्या डोक्यात भागाकार केला. तेराच्या वर आलं. पुन्हा केला. तेराच्या वरच आलं.

"किती?" वसुधाने विचारलं. ती समोर बघत होती, पण पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"तेरा. पण हे शक्य नाही."

"दहापेक्षा जास्त आहे ना?"

"जास्त आहे म्हणूनच शक्य नाही. एवढा डोंगर मागे बांधून गाडीला काहीच वाटू नये?"

"म्हणजे कमी पडलं तर ट्रेलर वाईट आणि जास्त पडलं तर हिशेब वाईट," ती म्हणाली. पण चेहरा खुलला होता. कुसुंबीच्या, म्हणजे करडईच्या भाजीची पेंढी घेऊ या का, म्हणून विचारलं तिने. मी वजनाचा विचार करून नाही म्हटलं.

वसुधाचा भाऊ रामदास, आम्ही दोघंही त्याला दादा म्हणतो, चांदवडपासून आत एका खेड्यात कांदा करतो. वावरात उन्हाळी कांद्याची लागवड चालली होती. बाया रांगेने वाकून रोपं लावत होत्या, आणि आमचा ट्रेलर बांधावर दिसल्याबरोबर सगळी रांग एकदम उभी राहिली. दादा पाण्यातून तसाच चिखलाच्या पायांनी आला. बहिणीच्या समोर येऊन उभा राहिला आणि हाताचा चिखल सदऱ्याला पुसत राहिला. शेवटी म्हणाला, "बारीक झाली." मग पाठ फिरवून पंप बंद करायला गेला. पंप चालू नव्हता.

त्या दिवशी वसुधा माहेरी कशी वावरली ते मी ओट्यावर बसून बघत होतो. तासभर चुलीपाशी बसायची, मग ट्रेलरमध्ये आडवी व्हायची, आणि तिच्यामागून वहिनी, चुलत जावा, शेजारणी सगळ्या ट्रेलरमध्ये. सहा बायका त्या एवढ्याशा जागेत कशा बसल्या, आणि ट्रेलरखालच्या कमान-पट्ट्यांना किती भार पडला असेल, याचीच मला काळजी.

दादाला मात्र ट्रेलर बघून वेगळीच चिंता लागली होती. तो त्याला ट्रॉली म्हणायचा. "दाजी, ट्रॉली भरूनशान जाती आन काहीतरी घेऊनशान येती. मोकळी ट्रॉली रस्त्यानं खडखड वाजत जाती, लोकं हासत्यात. दोन गोण्या कांदा टाकू द्या. लाल हाय, चांगला हाय."

"दादा, ॲव्हरेज."

"एक गोणी."

"एक किलोही नाही. फोनवर सांगितलं होतं."

त्याने गोणीची सुतळी पुन्हा बांधून टाकली. माहेरवाशीण चार वर्षांनी आली आणि खण-नारळावर निघाली, हे त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं. मला ते दिसत होतं. पण अट म्हणजे अट. पहाटे, उजाडायच्या आत, त्यानेही चावी मागितली. "जुंपणी बघतो, ढिली वाटती," म्हणाला. आयुष्यभर ट्रॅक्टरला ट्रॉली जोडणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं?

निघताना वसुधा म्हणाली, "डिझेलचा वास येतोय का हो?" येत होता. मी गाडीखाली वाकून बघितलं, गळती नव्हती. मग ट्रेलरचं कुलूप तपासायला मागे गेलो तर गोठ्याच्या भिंतीला टेकून एक रिकामा कॅन, त्याच्यावर नळी आणि नरसाळं. तिन्ही ओली. डिझेलचे थेंब आमच्या गाडीपासून गोठ्यापर्यंत पडत गेलेले.

चावी मागितली ती यासाठी. ट्रॅक्टरला डिझेल कमी पडलं असेल, पाहुण्यांची गाडी दारात उभी, टाकी गच्च. मी ट्रेलरचं कुलूप ओढून बघितलं आणि पुढे आलो. दादाने मला मिठी मारली तेव्हा त्याच्या सदऱ्यालाही तोच वास होता.

नांदगाव

मनमाडच्या अलीकडे वारा समोरून लागला. ट्रेलर त्या वाऱ्यात असा अडायचा की चौथा गिअर सोडून मला तिसऱ्यात यावं लागलं. डावीकडे तो अंगठ्यासारखा उभा सुळका दिसत होता आणि वसुधा लहानपणी शाळेच्या सहलीला इथे आली होती ते सांगत होती. मी ऐकत नव्हतो. शेवटी मला राहवलं नाही.

"एक सांगतो, रागावू नकोस. तुझ्या भावाने आपलं डिझेल काढून घेतलंय."

मी कॅन, नळी, नरसाळं, थेंब, सदऱ्याचा वास, सगळं एकामागे एक सांगितलं. कारखान्यात मालातला दोष सांगायचो तसंच सांगितलं, आणि सांगताना मला थोडं समाधानही वाटत होतं, हे खोटं कशाला बोलू.

"दादाने?" ती म्हणाली.

"नांदगावला टाकी भरतो. एवढ्याशा अंतराला किती डिझेल लागतं ते मला माहीत आहे. जितकं जास्त बसेल तितकं त्याने काढलं."

पुढे तिला आडवं व्हायची वेळ झाली तरी तिने गाडी थांबव म्हटलं नाही. मीच थांबवली. ती ट्रेलरमध्ये गेली आणि दार आतून लावून घेतलं. मी रस्त्याच्या कडेला उभा राहून येणारे-जाणारे ट्रक बघत होतो. आपण बरोबर असलो की माणसं एवढी का दुखावतात, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

नांदगावच्या पंपावर मी उतरून नळीपाशी उभा राहिलो. वसुधालाही काच खाली करून बघायला सांगितलं. डिझेल सुरू झालं आणि लगेच नळी खट्‌कन थांबली. पुन्हा लावली, पुन्हा खट्‌. दोन लिटरही आत गेलं नाही. पंपावरचा माणूस म्हणाला, "काका, टाकी आधीच भरेल हे. कामून आले?"

मी भागाकार केला. तिसाच्या वर ॲव्हरेज. मोटारसायकलीलाही इतकं पडत नाही. टाकीची नळी चोंदली असेल, पंपाचा आकडा अडकला असेल, काटा खोटा असेल, मी जितकं सुचेल तितकं मनात धरून बघितलं. डिझेल कमी व्हायला हवं होतं, आणि ते वाढलं होतं. वसुधाने माझ्याकडे बघितलं आणि काच वर केली.

अक्का, म्हणजे वसुधाची मोठी बहीण, नांदगावात बाजारपेठेच्या मागच्या आळीत राहते. तिच्या यजमानांचं भांड्यांचं दुकान आहे. आळीत ट्रेलर घालताना दोन ओटे आणि एक म्हैस वाचवावी लागली. कोपऱ्यावरच्या एका आजोबांनी "हाई काय शे भो?" म्हणून विचारलं, आणि मी उत्तर देईपर्यंत दारादारातून माणसं बाहेर आली. शेजारच्या शमीमभाभींनी आधी ट्रेलर आतून बघितला, मग म्हणाल्या, "पडदा पतला है, बाहर से सब दिखता. मैं जाड कपड्याचा शिवून देते." मी वजनाचं काही बोलणार होतो, पण वसुधाच्या चेहऱ्याकडे बघून बोललो नाही.

अक्काने जेवायला शेवभाजी केली होती, आमच्या नाशिकच्या जिभेला डोळ्यांतून पाणी काढणारी. दोघी बहिणी शेजारी बसल्या होत्या, पण वसुधा घास नुसता फिरवत होती. अक्का मात्र माझ्याशी फुगून होती. वाढताना भाकरी ताटात ठेवायची नाही, टाकायची. शेवटी तिच्या मनातलं बाहेर पडलं.

"मधुकरराव, एक इचारू? माझ्याकडं ट्रॅक्टर नाय, ह्यात माझा काय दोष?"

मला कळेना. "कसला ट्रॅक्टर?"

"त्या बाळूनं वणीला चार लिटरचा कॅन वतला. दादानं काल रातच्याला फोन केला, म्हने मी पाच लिटर घालनार, टाकी गळ्याला आली तरी घालनार. घरात ट्रॅक्टरचं डिझेल असतंय त्यांच्या. माझ्याकडं काय हे? पातेली? तुमच्या टाकीत पातेलं वतू?"

"अक्का, कुणी काय ओतलं?"

"डिझेल! तुम्ही कांदा घेईना, द्राक्षं घेईना, भोपळा घेईना. मंग भावांनी काय करावं? पोर चार वर्सांनी दारात आली. मोकळी लावायची? दादा म्हनला, गाडीच्या पोटात घालतो, दाजींना वजन कळनार नाय. आन मीच तेवढी राहिले. मला सांगा, दोन गोण्या बाजरी घेता का नाय?"

मी हातातला घास ताटात ठेवला. चुलीवरचं पातेलं रटरटत होतं. दोन दिवस मी जॅक मोजत होतो, पाना मोजत होतो. गाडीतून काय गेलं तेच मी शोधत होतो. गाडीत काय आलं ते बघायची मला सवयच नव्हती. ती वणीची लखलखीत काच, ती जुंपणी, तो ओला कॅन. दादाने सकाळी अंधारात, बहीण उठायच्या आत, गुपचूप येऊन दिलं होतं आणि मी त्याला चोर ठरवून बहिणीलाच पुरावे सांगत बसलो होतो. मला भयंकर लाज वाटली. खरा हिशेब आपसूक डोक्यात झाला. ओतलेलं सगळं धरलं तर ॲव्हरेज साडेआठ-नऊच्या मध्ये. म्हणजे माझ्या अटीप्रमाणे ट्रेलर नापास.

वसुधा ताटावरून उठली. भिंतीला धरून उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, "ओंकारला फोन करा आणि ट्रेलर परत द्या."

"तसं नाही, वसुधा..."

"दहाच्या खाली आहे ना? मग द्या. मला ॲव्हरेजचं काही नाही. पण दर ठिकाणी माझ्या माणसांकडे तुम्ही असे बघणार असाल, तर मला घरातला पलंग बरा."

ती झोपायला गेली. अक्काला माझ्या आरोपाबद्दल काही माहीत नव्हतं. "मी काय चुकीचं बोलले का?" ती घाबरून विचारू लागली. मी नाही म्हटलं आणि अंगणात येऊन दादाला फोन लावला.

"दादा, डिझेल घातलंत ते कळलं."

"अक्कानं सांगितलं आसंल," तो हसला. "रागावू नका दाजी. तुमचा शब्द मोडला नाय. कांदा नाय दिला."

"डिझेलला वजन असतं, दादा."

"आसंल. पन ते जळून जातं की. मागं काय उरतं?"

माझ्या संशयाचं मी त्याला सांगितलं नाही. वसुधानेही आजवर सांगितलेलं नाही. हे छापून आलं की त्याच्या हातात पडेल, आणि तो काय म्हणेल ते म्हणेल. मला ते ऐकून घ्यायचंच आहे.

परतीची वाट

सकाळी अक्काच्या दोन गोण्या बाजरी मी स्वतः उचलून ट्रेलरमध्ये ठेवल्या. शमीमभाभींनी खरोखरच निळ्या जाड कापडाचा पडदा शिवून आणला आणि वर बशीत शिरा. अक्काच्या यजमानांनी पितळेचं एक मोठं पातेलं घातलं, घरात त्याचं आम्ही काय करणार ते देवालाच ठाऊक. वसुधा हे सगळं बघत होती. माझ्याकडे बघत नव्हती.

पंपावरून पुढे निघालो. टाकी भरायला थांबलो नाही. किलोमीटरचा आकडाही शून्यावर आणला नाही. बोट दोनदा बटणाकडे गेलं, दोनदा मागे घेतलं. पन्नास-पंचावन्नच्या वर काटा जाऊ दिला नाही. मागे एवढं ओझं असूनही गाडी येताना ओढत होती त्याहून सोपी चालत होती, इंजिन घोगरं होत नव्हतं, तिसऱ्या गिअरची गरजच पडली नाही. ओंकार वाऱ्याचं म्हणाला ते खरं असावं. दोन दिवस मी लोकांचे कांदे नाकारत होतो आणि स्वतः सत्तरने गाडी हाकत होतो.

मनमाडपाशी त्या सुळक्याच्या पायथ्याला गाडी बाजूला घेतली. वसुधाची आडवं व्हायची वेळ झाली होती. तिला चढायला हात दिला. बाजरीच्या गोण्यांमुळे पाय ठेवायला जागा नव्हती, मी त्या सरकवल्या. "काल काय ती सहल सांगत होतीस?" मी विचारलं. ती छताकडे बघत राहिली. मी दारातच पायरीवर बसलो.

"मी दादाबद्दल बोललो ते फार वाईट बोललो," मी म्हटलं. "मला लाज वाटते."

थोड्या वेळाने तिने पाय जरा बाजूला घेतले आणि मला आत बसायला जागा केली. मग म्हणाली, "त्या सहलीत माझी चप्पल वरून पडली होती. दादाने शाळा बुडवून दुसऱ्या दिवशी शोधून आणली." आणि ती ते सगळं सांगू लागली, चप्पल कुठे सापडली, घरी त्याला किती मार बसला. मी ऐकलं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. ओंकार. मी नेहमीप्रमाणे स्पीकर चालू केला.

"मामा, पुण्याचं एक गिऱ्हाईक दारात उभं आहे. आजच पाहिजे म्हणतंय. तुमचं नक्की काय ते सांगा. ॲव्हरेज किती पडलं?"

वसुधा पडद्याची निळी कड हातात धरून राहिली.

"पाहिलं नाही," मी म्हटलं.

फोन कट झाला की काय म्हणून मी हॅलो म्हटलं.

"मामा," ओंकार एकदम हळू आवाजात म्हणाला, "तुम्ही पाहिलं नाही? तुम्ही? काय लपवताय? खरं सांगा, मी काही म्हणणार नाही. ट्रेलर ठोकलात ना?"

मी तोंड उघडायच्या आत वसुधाने माझ्या हातातून फोन घेतला.

"ठोकला नाही रे," ती म्हणाली. "ठेवून घेतलाय."